सोरायसिसचं मलम : किती, कुठं आणि किती दिवस?



गळीत हंगाम सुरू झाला, थंडी पडू लागली, की कारखान्याच्या दवाखान्यात कातडीच्या तक्रारी वाढतात. कुणाच्या टाचा फुटतात, कुणाला उसाच्या पाल्याचे चरे उठतात, कुणाला जांघेत खाज सुटते. गेल्या हंगामात असेच एक सभासद आले. बाहेर दुपारचं ऊन, पण अंगात मनगटापर्यंत बटण लावलेला फुल बाह्यांचा सदरा. बाकीची माणसं उठून जाईपर्यंत ते बाकावर बसून राहिले. मग त्यांनी बाही वर केली. कोपरावर तळहाताएवढा लालभडक चट्टा आणि त्यावर चांदीच्या वर्खासारखे पांढरे खवले. दुसऱ्या कोपरावर तसाच. दोन्ही गुडघ्यांवर तसाच. खिशातून त्यांनी शेवटपर्यंत गुंडाळत आणलेली मलमाची ट्यूब काढली.

"हे कुणी लिहून दिलं?"

"पहिल्यांदा शहरातल्या डॉक्टरांनी. मग मीच आणतो. मोकळी ट्यूब दाखवली की दुकानात देतात."

"किती दिवस लावताय?"

"दिवस कुठले साहेब, तीन दिवाळ्या झाल्या."

पुढं बोलता बोलता आणखी कळलं. पहिल्यासारखा गुण येत नाही, म्हणून आता दिवसातून चारदा लावतात. जांघेत खाज सुटली तेव्हा तिथंही तेच लावलं. तिथली कातडी सिगारेटच्या कागदासारखी पातळ झालेली, तिच्यावर लाल-जांभळे ओरखडे पडलेले. आणि जाता जाता सहज म्हणून सांगितलं, "घरात सगळ्यांनाच चालतं ते. धाकट्या नातवाला लंगोटाचं पुरळ आलं होतं, सूनबाईनं त्याला पण लावलं. दोन दिवसात साफ!"

डॉक्टरांनी पहिल्यांदा लिहून दिलेलं औषध बरोबर होतं. पण ते किती लावायचं, कुठं लावायचं आणि कधी थांबायचं, या तीन गोष्टी तीन वर्षांत त्यांना कुणी समजावून सांगितल्या नव्हत्या, आणि त्यांनीही विचारल्या नव्हत्या. ही चूक गावोगाव घरोघर होते आहे, म्हणून हा लेख.

हा रोग आहे तरी काय?

आपली कातडी रोज नवी होत असते. तळाच्या थरात पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात, पक्व होतात आणि शेवटी मळ-कोंडा होऊन झडून जातात. या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात. सोरायसिसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती उगीचच चेतते आणि कातडीला घाईचा हुकूम सोडते. मग चार आठवड्यांचं काम तीन ते पाच दिवसांत उरकलं जातं.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे कोवळा ऊस तोडून गाळपाला आणण्यासारखं आहे. प्रोग्राम मोडला, सगळ्यांनी एकदमच गाड्या भरल्या, आणि गव्हाणीपुढं ढीग लागला. ऊस कोवळा, त्यामुळं उताराही नाही. सोरायसिसचे खवले म्हणजे असा न पिकलेल्या पेशींचा साचलेला ढीग. खालच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात म्हणून चट्टा लाल दिसतो आणि खवला ओरबाडला की रक्ताचे बारीक ठिपके येतात.

चट्टे बहुधा कोपर, गुडघे, कंबर आणि डोक्याची कातडी इथं येतात. नखांवर सुईनं टोचल्यासारखे खड्डे पडतात. थंडीत वाढतो, उन्हाळ्यात पुष्कळांना उतार पडतो. घराण्यात असेल तर होण्याचा संभव जास्त. घशाची लागण, मानसिक ताण, दारू, विडी-सिगारेट आणि रक्तदाबाच्या किंवा मानसिक आजाराच्या काही गोळ्या यांनी तो उसळू शकतो. म्हणून डॉक्टरांना आपण घेत असलेली सगळी औषधं सांगावीत.

हा रोग मुळासकट जात नाही, हे आधीच समजून घ्यावं. पण तो आटोक्यात राहतो, आणि कित्येकांची कातडी महिनोन् महिने स्वच्छ राहते. मधुमेह किंवा रक्तदाब आपण जसा सांभाळतो, तसाच हाही सांभाळायचा असतो. "एका महिन्यात कायमचा बरा करतो" असं जो म्हणेल, त्याच्यापासून चार हात लांब राहावं.

हा लागट नाही

सोरायसिस शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं, एका अंथरुणावर झोपल्यानं किंवा एका वस्ताऱ्यानं दाढी केल्यानं लागत नाही. यात जंतू नसतोच, तर लागणार काय? तरीही लोक पाण्याचा तांब्या बाजूला ठेवतात, पंगतीत शेजारी बसायचं टाळतात, सोयरीक मोडतात. वर सांगितलेले सभासद वार्षिक सभेला तीन वर्षं आले नव्हते. कारण विचारलं तर म्हणाले, "लोक हाताकडं बघतात." रोगानं जेवढं छळलं नसेल तेवढं या बघण्यानं छळलं.

पुष्कळांच्या मनात महारोगाची भीती असते. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श कळत नाही, तो बधिर असतो. सोरायसिसच्या चट्ट्यावर स्पर्श कळतो, उलट खाज सुटते. तरीपण निदान घरी करू नये, डॉक्टरांना दाखवावं. कुष्ठरोग निघाला तरी त्यावर सरकारी दवाखान्यात फुकट आणि खात्रीचा इलाज आहे, त्यातही लपवण्यासारखं काही नाही.

मलमं किती प्रकारची?

थोडक्यात ओळख करून घेऊ.

पहिला प्रकार स्टेरॉइडचा. १९५० साली कॉर्टिसोनवरच्या कामाला नोबेल पारितोषिक मिळालं, आणि १९५२ साली सुल्झबर्गर आणि विटन या अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी याच जातीचं हायड्रोकॉर्टिसोन वरून लावूनही कातडीच्या रोगांना उतार पडतो असं दाखवलं. तेव्हापासून या जातीची पुष्कळ मलमं निघाली. हायड्रोकॉर्टिसोन सौम्य, मोमेटासोन आणि बीटामेथासोन तीव्र, आणि क्लोबेटासॉल सगळ्यांत जहाल. सौम्य आणि जहाल यांच्या ताकदीत कित्येक पटींचा फरक आहे. दोन्ही ट्यूबा दिसायला सारख्या, पण एक हातविळा आणि दुसरा ट्रॅक्टरचा नांगर म्हणा ना.

दुसरा प्रकार ड जीवनसत्त्वाच्या जातीचा, नाव कॅल्सिपोट्रिऑल. याचा शोध गमतीचा आहे. १९८५ साली जपानमध्ये हाडं ठिसूळ झालेल्या एका रुग्णाला ड जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध दिलं, तर हाडांबरोबर त्याचा जुना सोरायसिसही ओसरला. तिथून मलम तयार झालं. हे सावकाश काम करतं, पूर्ण गुण यायला चार ते आठ आठवडे लागतात. पण यानं कातडी पातळ होत नाही. कधी कधी डॉक्टर हे आणि स्टेरॉइड एकत्र देतात.

तिसरा प्रकार डांबराची मलमं आणि खवले सैल करणारं सॅलिसिलिक अॅसिड. याच पंगतीतलं जुनं औषध म्हणजे डायथ्रॅनॉल, आणि त्याच्या घराण्याला आपल्या शेजारच्या गोव्याचं नाव आहे. ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाच्या खोडातली पिवळी भुकटी पोर्तुगीज गलबतांतून गोव्यात यायची आणि 'गोवा पावडर' म्हणून मुंबईपर्यंत नायट्यावर विकली जायची. १८७० नंतरच्या दशकात लंडनच्या डॉ. बालमानो स्क्वायर यांनी ती सोरायसिसवर वापरली. पुढं १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, जर्मनीत तिच्यासारखं कृत्रिम औषध बनवलं गेलं, तेच डायथ्रॅनॉल. गुण चांगला, पण चांगल्या कातडीला लागलं तर भाजतं आणि कपड्यांवर न जाणारे डाग पाडतं. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच लावायचं.

चेहरा आणि सांध्यांच्या घड्या यांसाठी टॅक्रोलिमससारखी स्टेरॉइड नसलेली मलमंही डॉक्टर देतात.

किती लावायचं? पेराचं माप

ट्यूबवर "पातळ थर लावा" असं लिहिलेलं असतं. पातळ म्हणजे किती? यावर डॉक्टरांनी एक सोपं माप काढलं आहे. उसाची पेरं आपण मोजतोच, इथं बोटाचं पेर मोजायचं.

मोठ्या माणसाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत, म्हणजे शेवटच्या पेरावर, ट्यूबमधून एक सरळ रेघ दाबून काढावी. हे झालं एक पेर मलम. वजन साधारण अर्धा ग्रॅम. एवढं मलम मोठ्या माणसाच्या दोन हातांच्या, बोटांसकट तळव्यांएवढ्या जागेला पुरतं.

आता आपल्या सभासदांचा हिशेब करू. दोन कोपरं, दोन गुडघे, प्रत्येक ठिकाणी एका तळव्याएवढा चट्टा. एकूण चार तळवे. म्हणजे एका वेळेला दोन पेरं, वजन १ ग्रॅम. दिवसातून दोनदा म्हणजे २ ग्रॅम. दोन आठवड्यांचे २८ ग्रॅम. ३० ग्रॅमची एक ट्यूब दोन आठवडे पुरली पाहिजे. चार दिवसांत संपत असेल तर जादा लावता आहात. सहा महिने पुरत असेल तर गुण कसा येणार?

क्लोबेटासॉलसारखं जहाल स्टेरॉइड मोठ्या माणसानं आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर लावू नये, आणि कॅल्सिपोट्रिऑल १०० ग्रॅमच्या वर लावू नये. ही वरची हद्द आहे. आपली मात्रा डॉक्टरांनी सांगितली असेल तीच.

आणखी एक. एक तळवा म्हणजे अंगाच्या शंभर भागांतला साधारण एक भाग. चट्टे दहा तळव्यांपेक्षा जास्त जागा धरून असतील तर नुसत्या मलमावर निभावत नाही. अशा वेळी डॉक्टर प्रकाशाचे उपचार किंवा गोळ्या सुचवतात. त्यात मेथोट्रेक्झेट नावाची गोळी दिली तर एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी पाठ करावी : ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं.

कुठं लावायचं, कुठं नाही?

अंगाची कातडी सगळीकडं एकसारखी नसते. आपल्या शिवारात जसं माळरान वेगळं आणि मळई वेगळी. तळहात, तळपाय, कोपर, गुडघे इथली कातडी जाड. तिथं तीव्र औषध पचतं. चेहरा, पापण्या, काखा, जांघा, स्तनांखालची घडी आणि गुप्त जागा इथली कातडी पातळ. तिथं औषध झपाट्यानं आत शिरतं. कोपरासाठी दिलेली ट्यूब जांघेत लावणं म्हणजे उसाचा खताचा डोस भाजीच्या वाफ्यात टाकणं. वाफा जळणारच.

डोळ्यांभोवती तीव्र स्टेरॉइड बरेच दिवस लावलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो. कॅल्सिपोट्रिऑलही चेहऱ्यावर लावू नये, आग होते. डोक्यासाठी मलम चिकट होतं, म्हणून पातळ लोशन मिळतं.

लहान मुलांची कातडी मुळातच नाजूक, आणि लंगोट किंवा डायपर घट्ट बांधला की औषध दुपटीनं आत जातं. लेकराच्या अंगात स्टेरॉइड शिरलं तर त्याची वाढ खुंटू शकते. त्या नातवाला दोन दिवसात साफ वाटलं हे खरं, पण ती ट्यूब त्याच्यासाठी नव्हतीच. एकाचं औषध दुसऱ्याला, हा आपल्या घराघरातला रिवाज इथं महाग पडतो.

किती दिवस?

सगळ्यांत मोठी चूक इथं होते. क्लोबेटासॉलसारखं जहाल स्टेरॉइड सलग दोन आठवड्यांसाठी असतं. क्वचित डॉक्टर चार आठवडे सांगतात. मग ते कमी करायचं, थांबवायचं, किंवा दुसरं सौम्य औषध सुरू करायचं. पुष्कळदा डॉक्टर अशी पाळी लावून देतात की सोमवार ते शुक्रवार कॅल्सिपोट्रिऑल आणि शनिवार-रविवार स्टेरॉइड. यानं चट्टा दबून राहतो आणि कातडीही शाबूत राहते.

उसाला पाणी लागतं म्हणून कुणी रात्रंदिवस पाट सोडून ठेवतो का? ज्यांनी तसं केलं त्यांची रानं चोपण झाली, वर मीठ फुटलं. कृष्णाकाठाला काय आणि प्रवरेकाठाला काय, हे नव्यानं सांगायला नको. पाणी वाईट नव्हतं. पाळी चुकली. मलमाचंही तेच.

वर्षानुवर्षं लावत राहिलं तर काय होतं? कातडी पातळ होते, जरा खरचटलं की रक्त येतं. जांघेत-काखेत कायमचे ओरखडे पडतात, ते पुन्हा भरून येत नाहीत. चेहऱ्यावर लाल शिरा, मुरमं आणि नको तिथं केस येतात. फार मोठ्या जागेवर फार दिवस लावलं तर औषध रक्तात उतरतं, साखर आणि रक्तदाब वाढतो, चेहरा सुजल्यासारखा गोल होतो, आणि अंगातलं नैसर्गिक स्टेरॉइड बनणं मंदावतं.

आता हे वाचून कुणी घाबरून उद्याच ट्यूब फेकून देईल, तर तेही करू नये. बरेच दिवसांचं तीव्र स्टेरॉइड एकदम तोडलं की रोग दुप्पट जोरानं उसळतो. ते पायरी-पायरीनं कमी करायचं असतं, आणि ती पायरी डॉक्टरांनी ठरवायची. याच कारणानं सोरायसिसमध्ये स्टेरॉइडच्या गोळ्या आणि इंजेक्शनं फार जपून वापरतात. "पुडीत काय आहे ते विचारू नका" म्हणणाऱ्या वैदूच्या पुडीत पुष्कळदा हेच स्टेरॉइड असतं. चार दिवस अंग लख्ख होतं, पुडी बंद झाली की सगळं अंग लाल होऊन पेटतं.

दुकानात काय बघायचं?

भारत सरकारनं मार्च २०१८ मध्ये पुष्कळशी स्टेरॉइडची मलमं 'शेड्यूल एच' या यादीत घातली. म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. अशा औषधाच्या वेष्टणावर तांबडी उभी रेघ असते आणि इशारा छापलेला असतो. ती रेघ दिसली की समजावं, हे मनानं घ्यायचं औषध नव्हे. मोकळी ट्यूब दाखवून नवी आणणं बंद करावं. चिठ्ठी जपून ठेवावी आणि बिल मागून घ्यावं.

नावाचा घोटाळाही होतो. क्लोबेटासॉल हे स्टेरॉइड, आणि क्लोट्रिमाझोल हे नायट्याच्या बुरशीवरचं औषध. नावं जवळजवळ सारखी, काम अगदी उलटं. गजकर्ण-नायट्यावर स्टेरॉइड लावलं तर खाज थांबते, पण आत बुरशी फोफावते. आज आपल्या देशात औषधाला दाद न देणारा नायटा फैलावला आहे, त्याला ही मनानं लावलेली मलमं बरीच कारणीभूत आहेत. त्यातही बुरशीचं, जंतूंचं आणि स्टेरॉइडचं औषध एकाच ट्यूबमध्ये असलेली मिसळ मलमं जास्त घातक. आमच्या या सभासदांच्या जांघेत सोरायसिस नव्हताच, नायटा होता.

शिवाय एकाच नावापुढं वेगवेगळी इंग्रजी अक्षरं जोडलेल्या ट्यूबा मिळतात. अक्षर बदललं की आतलं औषध बदलतं. सॅलिसिलिक अॅसिड मिसळलेलं मलम कॅल्सिपोट्रिऑलबरोबर लावलं तर कॅल्सिपोट्रिऑल निकामी होतं. तेव्हा चिठ्ठीवरचं नाव अक्षरासकट जुळवून बघावं.

लावायची रीत आणि शेतातली काळजी

कोमट पाण्यानं अंघोळ करावी, फार कढत नको. वज्रीनं किंवा दगडानं चट्टे घासू नयेत. अंग टिपून लगेच खोबरेल तेल, व्हॅसलीन किंवा डॉक्टरांनी दिलेलं मऊ मलम लावावं. खवल्यांना यानंच निम्मा उतार पडतो, आणि हे रोज, कितीही दिवस लावता येतं. डोक्यात खवले जाड असतील तर रात्री तेल लावून ठेवावं आणि सकाळी धुवावं.

मग अर्ध्या तासानं औषधाचं मलम फक्त चट्ट्यावर, केस जातात त्या दिशेनं हलक्या हातानं पसरावं. वरून प्लॅस्टिक किंवा घट्ट पट्टी बांधू नये. त्यानं औषध कितीतरी जास्त आत जातं. लावून झाल्यावर साबणानं हात धुवावेत, नाहीतर तोच हात डोळ्याला लागतो. ट्यूब ट्रॅक्टरच्या टपावर किंवा खोपीच्या पत्र्याखाली उन्हात ठेवू नये, आणि तिच्यावरची मुदतीची तारीख बघावी.

आपल्या धंद्यात एक गोष्ट खास लक्षात ठेवायची. सोरायसिसवाल्याच्या चांगल्या कातडीवर जिथं ओरखडा, भाजणं किंवा जखम होते, तिथं दोन-तीन आठवड्यांत नवा चट्टा उठू शकतो. म्हणून पाचट काढताना, बांधणी करताना आणि तोडीत फुल बाह्यांचा सुती सदरा, हातमोजे आणि पायात बूट घालावेत. फुल बाह्या त्यासाठी असाव्यात, लाजेपायी नव्हे. तणनाशक फवारल्यावर अंग स्वच्छ धुवावं.

दुसरी गोष्ट आगीची. व्हॅसलीनसारखी तेलकट मलमं कपड्यात, चादरीत, पट्टीत मुरतात, आणि असा कपडा ठिणगी पडताच भडकतो. धुतल्यानंही ते पुरतं निघत नाही. मलम लावून चुलीपुढं, गुऱ्हाळाच्या जाळापुढं किंवा पेटलेल्या पाचटाजवळ जाऊ नये, आणि विडी तर मुळीच ओढू नये.

तिसरी गोष्ट गावठी इलाजांची. बिब्बा, रुईचा चीक, रॉकेल असं काहीही चट्ट्यावर लावू नये. बिब्ब्यानं कातडी भाजून निघते आणि भाजलेल्या जागी नवा सोरायसिस येतो.

बायकांनी गर्भार असल्यास किंवा दिवस राहण्याचा संभव असल्यास डॉक्टरांना आधी सांगावं. या रोगाची काही औषधं पोटातल्या बाळाला घातक आहेत. अंगावर पाजणाऱ्या आईनं स्तनावर मलम लावू नये.

कधी थांबू नये?

सगळं अंग लाल होऊन सोलायला लागलं, थंडी वाजायला लागली, किंवा ताप येऊन पुवाचे बारीक फोड उठले, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावं. तसंच सकाळी उठल्यावर सांधे आखडत असतील, एखादं बोट अख्खं सुजलं असेल, टाचा दुखत असतील, तर हे वय झाल्याचं किंवा कष्टाचं दुखणं म्हणून सोडून देऊ नये. सोरायसिस सांध्यातही उतरतो, आणि वेळेवर इलाज झाला नाही तर बोटं कायमची वाकडी होतात. कष्टकऱ्याचे हातच गेले तर मागं राहिलं काय?

कापून ठेवण्यासाठी

१. चिठ्ठीशिवाय नवी ट्यूब नाही.
२. एक पेर मलम, दोन तळवे जागा.
३. जहाल स्टेरॉइड सलग दोन आठवडे. पुढं डॉक्टरांना विचारून.
४. चेहरा, काख, जांघ यांना वेगळं औषध.
५. माझी ट्यूब माझ्यासाठी, पोराबाळांना नाही.
६. मनानं वाढवायचं नाही, मनानं एकदम तोडायचंही नाही.
७. तेल-व्हॅसलीन रोज, पण जाळापासून लांब.

आमच्या त्या सभासदांना आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञांकडं पाठवलं. स्टेरॉइड हळूहळू उतरवलं, नायट्याला वेगळं औषध दिलं. मधले दोन महिने त्रासाचे गेले, चट्टे पुन्हा उठले, ते चिडले, "तुमच्यापेक्षा माझी ट्यूब बरी होती" असंही म्हणाले. पण टिकून राहिले. आज गुडघ्यांवर थोडं आहे, कोपरं जवळजवळ मोकळी आहेत. जांघेतले ओरखडे मात्र तसेच राहिले, ते जाणार नाहीत. या वेळच्या वार्षिक सभेला ते आले होते. पुढच्या रांगेत बसून त्यांनी पाणीपट्टीवर दोन खरमरीत प्रश्न विचारले. बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या होत्या.

दरवर्षी २९ ऑक्टोबर हा जागतिक सोरायसिस दिन म्हणून पाळतात, म्हणजे नेमका आपल्या हंगामाच्या तोंडावर. त्याची वाट न बघता, ज्यांच्या घरात मलमाची अशी ट्यूब आहे त्यांनी ती आणि जुनी चिठ्ठी घेऊन एकदा दवाखान्यात यावं. लपवण्यासारखं यात काही नाही. कळावे.

— वैद्यकीय अधिकारी, कारखाना दवाखाना